ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? एका घराचा प्रकरण अभ्यास

भावोजींना अपघात झाला त्या दिवशी त्यांचा पाय मोडला आणि फोन हरवला. पायावर त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. फोन रस्त्यावर कुठेतरी पडला, तो सापडलाच नाही. पुढचे बारा दिवस ते रुग्णालयात होते आणि मी ताईच्या घरी, भाचा, भाची आणि ताईच्या सासूबाई यांच्या सोबतीला. हे टिपण त्या बारा दिवसांचं आणि त्यानंतरच्या काही महिन्यांचं आहे. ताई आणि भावोजी दोघांनी ते वाचलं आहे, आणि नावं न घालण्याच्या अटीवर लिहायला होकार दिला आहे.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लॉगिनचं पान, पासवर्ड विसरल्यावरचं पान, ओटीपीचा कोड उशिरा आला तर काय होतं, हे सगळं मी वर्षानुवर्षं तपासत आले. पण त्या बारा दिवसांत जे पाहिलं, ते तपासायचं मला कधी सुचलं नव्हतं.

पहिल्याच रात्री विम्याचं काम निघालं. रुग्णालयाला पॉलिसीचा क्रमांक हवा होता. ताईनं लॅपटॉप उघडला, विमा कंपनीच्या पानावर गेली, आणि पडद्यावर ओळ आली: आपल्या नोंदणीकृत नंबरवर कोड पाठवला आहे. नोंदणीकृत नंबर भावोजींचा. मग ई-मेलमधून शोधावं म्हटलं, तर ई-मेलही नव्या जागेवरून उघडताना त्याच नंबरवर कोड पाठवत होता. त्या नंबरचं दुसरं सिम मिळवायचं तर ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानं स्वतः ओळखपत्र घेऊन यावं, असा मोबाइल कंपनीचा नियम. आणि ते तर अंथरुणाला खिळलेले.

ताई लॅपटॉप मिटून म्हणाली, "हे सगळं तेच बघतात गं. मला यातलं काही कळत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं, कारण ते खरं नव्हतं. ताई लेखापालाचं काम करते. तिच्या कार्यालयात महिनाअखेरीचा ताळमेळ तिनं बनवलेल्या स्प्रेडशीटवर चालतो, आणि त्यातली सूत्रं बिघडली की लोक तिच्याकडे येतात. त्या रात्री पॉलिसीचा क्रमांकही शेवटी तिच्याच फोनमध्ये सापडला. तीन वर्षांपूर्वी कागद कपाटात ठेवण्याआधी तिनं सहज त्याचा फोटो काढून ठेवला होता. तिची ही पद्धतच आहे: कागद दिसला की फोटो, संदेश महत्त्वाचा वाटला की स्क्रीनशॉट, आणि ते सगळं वेगवेगळ्या अल्बममध्ये लावलेलं. ज्या बाईला 'काही कळत नाही', तिच्याचकडे घरातली एकमेव उघडता येणारी प्रत होती.

कोण काय सांभाळतं

दुसऱ्या दिवशी मी एका वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला भावोजी पडद्यावर जी कामं करत होते ती, दुसऱ्या बाजूला ताई करते ती.

भावोजींच्या रकान्यात घरचं इंटरनेट, राउटर, वीज बिलाचं खातं, विमा, टीव्हीवरची खाती, कुटुंबाची फोटो साठवण्याची ऑनलाइन जागा, मुलांच्या लॅपटॉपचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि कोणतंही नवं उपकरण घेण्याचा निर्णय. अशी आठ-दहा कामं झाली आणि रकाना थांबला.

ताईचा रकाना दुसऱ्या पानावर गेला. शाळेचे दोन ग्रुप आणि शाळेचं अ‍ॅप, सासूबाईंच्या औषधांचे गजर, डॉक्टरांच्या वेळा, लसीकरणाच्या तारखा, नातेवाइकांचे तीन ग्रुप, त्यांत कुणाचा वाढदिवस आणि कोण आजारी, दूरच्या आत्याला दर आठवड्याला व्हिडिओ कॉल लावून देणं, मुलांच्या क्लासचं वेळापत्रक, घरपोच येणाऱ्या वस्तूंचा माग, परत पाठवायच्या वस्तू, घरातल्या जवळजवळ सगळ्या फोटोंमागचा कॅमेरा. चौघांच्या वेळांचं एक रंगवार कॅलेंडर तिनं बनवलं होतं, निळा सासूबाईंचा, हिरवा भाचीचा. कुणी आजारी पडलं की त्यात नवी नोंद, कुणाची परीक्षा सरली की जुनी पुसलेली.

भावोजींची कामं एका रविवारी दुपारी बसून उरकण्यासारखी. बसायचं, करायचं, संपवायचं, आणि घरानं म्हणायचं, बरं झालं, बाबांनी इंटरनेट नीट केलं. ताईच्या कामाला असा शेवटच नाही. ते मिनिटा-मिनिटाच्या तुकड्यांत दिवसभर पसरलेलं असतं. लिफ्टची वाट पाहताना शाळेच्या सूचनेला 'हो', जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांची वेळ बदलून घेणं, रात्री दिवे मालवल्यावर उद्याचा गजर तपासणं. असं काम बाहेरून पाहणाऱ्याला काम दिसतच नाही, 'सारखी फोनवर असते' एवढंच दिसतं. भाच्यानं हे वाक्य माझ्यासमोर दोनदा उच्चारलं, आणि दोन्ही वेळा ताई सासूबाईंच्या रक्ततपासणीची वेळ ठरवत होती.

समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांशी सविस्तर बोलून २०१९ मध्ये घरकामाचा हा न दिसणारा, डोक्यातला भाग चार टप्प्यांत मांडला: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक वेळा दोघं मिळून घेतात, पण आधी ओळखण्याचं आणि नंतर लक्ष ठेवण्याचं ओझं मुख्यतः बाईवर पडतं, असं त्यांना आढळलं. ताईच्या फोनमधले गजर पाहताना मला हे चार टप्पे समोर दिसत होते. औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतात, बदलायचं का ते दोघं मिळून ठरवतात. गोळ्या चार दिवसांत संपणार आहेत, हे फक्त ताईला ठाऊक असतं.

या घरात राउटर बंद करून चालू करणं हे 'तंत्रज्ञान' होतं आणि चार माणसांचं कॅलेंडर चालवणं हे 'घरचं बघणं'. ही वाटणी मोबाइलच्या फार आधीची आहे. अमेरिकेत टेलिफोन घराघरांत पोचत होता तेव्हा कंपन्या तो धंद्याचं आणि निकडीच्या निरोपांचं साधन म्हणून विकत. बायका त्यावर नातीगोती सांभाळत, आणि त्याला फुकटच्या गप्पा म्हटलं जाई. या गप्पांतच फोनचा खरा उपयोग आणि कमाई आहे, हे कंपन्यांनी जाहिरातींतून उघडपणे मान्य करायला १९२० चं दशक उलटत आलं. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी हा इतिहास बारकाईनं तपासला आहे. तर मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दी लिओनार्दो यांनी १९८७ मध्ये पत्रं, फोन, भेटी, सणावारांची आठवण ठेवणं या सगळ्याला 'नात्यांचं काम' म्हटलं आणि ते काम म्हणून मोजा असा आग्रह धरला. आज ते काम फोनच्या पडद्यावर आलं आहे, आणि अजूनही कुठल्या मोजणीत धरलं जात नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार जगातले ७० टक्के पुरुष इंटरनेट वापरतात, तर ६५ टक्के स्त्रिया. ही दरी खरी आहे आणि जिथे ती रुंद आहे तिथे बाकी कशाच्याही आधी ती बुजवायला हवी. पण ताईच्या दारात कुणी मोजणीला आलं असतं, तर दोघांच्याही नावापुढे 'वापरतात' अशीच खूण पडली असती. या घरातला फरक त्या खुणेच्या पलीकडचा आहे.

फोन कुणाचा

भावोजींचा फोन फक्त त्यांचा. तो दुसऱ्या कुणी उचललेला मी पाहिला नव्हता, आणि त्यात लपवण्यासारखं काही होतं असंही नाही. ताईचा फोन मात्र घराचा. सासूबाई त्यावरून बहिणीशी बोलतात, भाची त्यावर गृहपाठाचा फोटो पाठवते, पाहुण्यांची लहान मुलं त्यावर खेळ खेळतात. त्याचा पॅटर्न घरात सगळ्यांना पाठ आहे.

एका रात्री ती स्वतःच्या एका दुखण्याबद्दल काहीतरी शोधत होती. वाचून झाल्यावर तिनं ते शोध एकेक करून पुसले. मी विचारलं तर म्हणाली, "सकाळी फोन मुलीच्या हातात जाणार ना." मग कळलं की ती हे रोजच करते. तिच्या प्रोफाइलवर चेहऱ्याऐवजी फुलाचं चित्र आहे, 'शेवटचं कधी दिसली' हे बंद केलेलं आहे, अनोळखी नंबर ती आधी मला किंवा मैत्रिणीला पाठवून विचारते. दक्षिण आशियातल्या बायकांच्या फोनवापरावर संशोधक निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे मांडलं, ते हेच: फोन वाटून वापरावा लागतो, म्हणून बायका कुलूप, पुसणं, ब्राउझरची खाजगी खिडकी, काही अ‍ॅप्स डोळ्यांआड ठेवणं अशा युक्त्यांनी आपली जागा राखतात. हे फक्त एका प्रदेशापुरतं असेल असं मला वाटत नाही. ज्या माणसाकडे घरातली प्रत्येक गरज येते, त्याचा फोनही घराच्या मालकीचा होतो.

या युक्त्यांनाही कौशल्य लागतं. कोणत्या अ‍ॅपमध्ये काय उरतं, सूचना कुलूप लावलेल्या पडद्यावर दिसते की नाही, शोधांची यादी कुठे साठते, हे सगळं ताईला माहीत आहे. मी दिवसभर हेच तपासून पगार घेते. तिला मात्र हे कळण्यात मोजण्याची सवय कुणी लावली नाही.

राउटरचा दिवस

सहाव्या दिवशी इंटरनेट गेलं. भाचा पंधरा वर्षांचा, लहानपणापासून जुनी उपकरणं उघडायला मिळालेला. तो सरळ राउटरपाशी गेला, दोन बटणं दाबून पाहिली, काही झालं नाही म्हणून मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दाबून धरली. राउटर मूळ स्थितीत गेला. नेटवर्कचं नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीनं दिलेली जोडणीची माहिती, सगळं पुसलं गेलं.

ताई तोवर राउटरच्या तळाला चिकटवलेला कागद वाचत होती. मग तिनं फोनच्या इंटरनेटवरून त्या मॉडेलची माहितीपुस्तिका शोधली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. भाचा चुळबुळ करत होता. अर्ध्या तासानं तिनं कंपनीला फोन लावला आणि नेमक्या दोनच गोष्टी मागितल्या: जोडणीचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड. पलीकडच्या माणसानं विचारलं, "घरात कुणी जाणकार आहे का?" ती म्हणाली, "नाही, तुम्ही मलाच सांगा." खातं भावोजींच्या नावावर असल्यामुळे त्यालाही कागदपत्रं लागली, आणि एक दिवस गेला. पण माहिती मिळाल्यावर तिनं वीस मिनिटांत सगळं लावलं.

करून बघणं की वाचून करणं, याच फरकावर अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या मार्गारेट बर्नेट आणि त्यांच्या गटानं अनेक वर्षं काम केलं आहे. स्प्रेडशीटमधल्या चुका शोधायला लावलेल्या एका प्रयोगात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, पुरुषांनी जास्त खटपट केली, पण न थांबता केलेली खटपट काही वेळा त्यांच्या कामाला बाधली. थांबून, विचार करून केलेल्या खटपटीचा फायदा झाला. पुढे या गटानं सॉफ्टवेअर तपासण्याची एक पद्धतच बांधली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: माणूस ते साधन कशासाठी वापरतो, माहिती एकदम घेतो की थोडी-थोडी, स्वतःवर किती विश्वास आहे, धोका पत्करायची तयारी किती, आणि शिकतो खटपटीतून की पायरीपायरीनं. सरासरीत यात स्त्री-पुरुष फरक दिसतो. पण पायरीपायरीनं शिकणारे पुरुषही पुष्कळ असतात आणि खटपट्या बायकाही. माझी भाची त्यातलीच आहे, फक्त तिच्या हातात जुनी उपकरणं कुणी दिली नव्हती. मुद्दा असा की बहुतेक साधनं खटपट करणाऱ्यालाच हुशार ठरवतात. माहितीपुस्तिका आता खोक्यात नसते. 'करून बघा' हीच शिकवण. मग वाचून करणारा माणूस अडाणी दिसायला लागतो.

आणि हळूहळू स्वतःलाही तसा मानायला लागतो. संशोधक एस्टर हार्गिटाय आणि स्टीव्हन शेफर यांनी २००६ मध्ये दाखवलं की वेबवर माहिती शोधण्याच्या प्रत्यक्ष कौशल्यात स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही, पण स्वतःला गुण द्यायला सांगितलं की स्त्रिया बऱ्याच कमी देतात. राउटर लागल्यावर मी ताईला म्हटलं, बघ, जमलं की. ती म्हणाली, "नशीब, लागला." भाच्यानं बिघडवला तेव्हा मात्र नशिबाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. राउटरच जुना होता, असं ठरलं होतं.

एकच चौकट

बाराव्या दिवशी भावोजी घरी आले. नवा फोन, जुना नंबर, आणि पुढचे सहा आठवडे पलंगावर. ताई कामावर जायला लागली. आता उलटी बाजू दिसली.

पहिल्याच सोमवारी दवाखान्यातून ताईच्या नंबरवर संदेश आला: सासूबाईंची वेळ उद्याऐवजी आज. ती बैठकीत होती. भावोजी घरात, आईच्या शेजारच्या खोलीत, हातात फोन घेऊन, आणि त्यांना याचा पत्ता नाही. शाळेच्या सहलीचं संमतीपत्र असंच राहिलं. भावोजींनी मला फोन केला आणि विचारलं, "आईची सकाळची गोळी कोणती, जेवणाआधी की नंतर?" चाळीस वर्षं आईसोबत राहिलेल्या माणसाला हे विचारताना किती अवघड वाटलं असेल, ते त्यांच्या आवाजात होतं. रात्री ते ताईला म्हणाले, "मला वाटायचं मी तुझ्या डोक्यावरचं ओझं कमी केलंय, सगळी खाती माझ्याकडे घेऊन." तसं त्यांना मनापासून वाटत होतं, याबद्दल मला जराही शंका नाही.

मग आम्ही तिघांनी बसून हे असं कसं झालं ते शोधलं. कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. प्रत्येक अर्जात मोबाइल नंबरची एकच चौकट असते. पैशाचं, मालकीचं, जोडणीचं खातं असलं की तिथे भावोजींचा नंबर गेला. शाळा, दवाखाना, लस, पाळणाघर असलं की ताईचा. काही अर्ज तर ताईनंच भरले होते आणि चौकटीत हात आपोआप भावोजींचा नंबर लिहून गेला होता. वर्षानुवर्षं असे अर्ज साठत गेले आणि एका घराच्या दोन वेगळ्या चाव्या झाल्या. निर्णयांची आणि मालकीची एकाकडे, माणसांची दुसरीकडे. अपघात झाला तेव्हा रुग्णालयाचे सगळे संदेश ताईला येत होते आणि त्यांना लागणारं उत्तर भावोजींच्या हरवलेल्या फोनवर.

मी स्वतः अशा चौकटी शेकडो वेळा तपासल्या आहेत. दहा आकडे आहेत का, अक्षर टाकलं तर चूक दाखवते का. 'या घरात दुसरं मोठं माणूस आहे का' हे विचारणारी चौकट मला कुणी तपासायला दिली नाही आणि मीही मागितली नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पात ती मागते.

काय बदललं, काय नाही

ताईसाठी एखादा संगणकाचा वर्ग लावावा, असं एका नातेवाइकानं सुचवलं होतं. त्याची गरज नव्हती. जे लागत होतं ते पुढच्या तीन रविवारी झालं.

खात्यांची एक यादी कागदावर लिहिली. जिथे दुसरा नंबर किंवा दुसरा ई-मेल जोडता येतो तिथे जोडला. दुहेरी पडताळणीची, म्हणजे पासवर्डशिवाय कोडही मागणारी, खाती उघडायला जे राखीव कोड मिळतात, ते छापून कपाटात ठेवले. पासवर्ड सांभाळणारं एक अ‍ॅप दोघांनी मिळून घेतलं, त्यात घराची एक सामायिक पेटी आणि प्रत्येकाची वेगळी, खाजगी. कुटुंबाच्या खात्यात ताई 'सदस्य' होती, ती आता व्यवस्थापक आहे. राउटरचा पासवर्ड भाचीनं बदलला, ताईनं शेजारी बसून पायऱ्या लिहून घेतल्या. सासूबाईंना त्यांचा स्वतःचा साधा फोन आला. ताईच्या फोनचा पॅटर्न बदलला, आणि तो आता कुणालाच माहीत नाही. हा शेवटचा बदल करायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले.

कॅलेंडर आता भावोजींच्या फोनवरही दिसतं. सासूबाईंची औषधं आणि दवाखाना पूर्णपणे त्यांच्याकडे गेलं आहे, संपत आलेल्या गोळ्या मोजण्यासकट. ते त्यांना चांगलं जमतं.

शाळेच्या ग्रुपचं मात्र जमलं नाही. ते त्यात आहेत, पण सूचना बंद करून ठेवल्या होत्या. चालू केल्यावरही इतर पालक प्रश्न ताईलाच विचारतात, आणि शिक्षिका वेगळा संदेश तिलाच पाठवतात. नातेवाइकांचंही तेच. भावोजी आत्याला फोन लावतात तेव्हा ती दोन वाक्यं झाली की विचारते, "ती आहे का जवळ?" विमा कंपनीच्या पानावर दुसरा नंबर जोडायची सोयच नाही.

फोटोंचं काम अजून चालू आहे. ते साठवायची जागा भावोजींच्या खात्यावर आहे, आणि तिची मालकी दुसऱ्याला देता येत नाही. सगळं उतरवून नव्या खात्यावर चढवणं एवढाच मार्ग. ते फोटो जवळजवळ सगळे ताईनं काढलेले, म्हणून ती स्वतःच ते करते आहे, मुलं झोपल्यावर, एका वेळी एक वर्ष. परवा मला तिनं एक फोटो पाठवला. भाची रांगते आहे, आणि मागच्या आरशात फोन धरलेली ताई दिसते आहे. त्या पूर्ण वर्षात तिचा तेवढा एकच फोटो होता. खाली लिहिलं होतं: इथपर्यंत आले, अजून दहा वर्षं राहिलीत.